पाच वाजताची नाडी

माझ्या मावशीच्या धाकट्या दिरांनी आयुष्यात एकही गोष्ट मोजल्याशिवाय सोडलेली नाही. अपवाद फक्त लग्नाचा. ऐन उमेदीत त्यांनी एकच मुलगी पाहिली, आणि त्यानंतर घरच्यांनी विषय काढला की "एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही" असं म्हणून ते उठून जात. दुसरा नमुना पाहायला मात्र ते कधीच गेले नाहीत. बाकी सगळं त्यांनी मोजलं. चहात बुडवलेलं बिस्कीट किती सेकंदांनी तुटतं, हे गल्लीतल्या दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक बिस्किटाच्या बाबतीत त्यांना पाठ आहे. मानेवाड्यातल्या त्यांच्या घरापासून रिंग रोडपर्यंत किती पावलं होतात आणि परतताना ती नऊनं का वाढतात, यावर ते अर्धा तास बोलू शकतात. मावशी त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून आम्ही भाचरंही भाऊजीच म्हणायला लागलो, मग शेजारीपाजारी, मग दूधवाला. जगात एकाच बाईचा दीर असलेला हा माणूस बघता बघता सगळ्या गल्लीचा भाऊजी झाला, आणि त्यांनी त्याला कधी हरकत घेतली नाही. निदान कोणी हाक तरी मारतं, असं त्यांना वाटत असावं.

त्यांची नोकरी बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत, सूत तपासायच्या प्रयोगशाळेत होती. सुताची लडी यंत्राला अडकवायची, ताण वाढवत न्यायचा, ती कितीला तुटली ते लिहायचं. धागा कुठे जाड झाला, कुठे बारीक पडला ते पाहायचं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि मनापासून केलं. सणावाराला साड्या पसरून बसलेल्या बायकांत शिरून ते पदराचं सूत चिमटीत धरत आणि "हा तुटते" किंवा "हा नाही तुटत" असा निकाल देऊन निघून जात. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. ते घड्याळ दिवसाला दोन सेकंद मागे पडतं हे त्यांनी आठवड्याभरात शोधून काढलं, आणि मग त्यांच्याकडे मोजण्यासारखं काही उरलं नाही. "सकाळपासून खुर्चीत बसून राहते तो माणूस," मावशी मला फोनवर सांगायची. "कोणी आलं का उठते. नाही आलं का नाही उठत."

त्याच सुमारास मी नवऱ्याचं घर सोडून मानकापूरला एका खोलीत राहायला आले होते. मी कामठीच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आधी शेअर ऑटोनं जायचे. पण शेअर ऑटोत शेजारी बसलेली बाई पहिला सिग्नल यायच्या आत "मिस्टर काय करतात?" असं विचारते, आणि दुसरा सिग्नल आला तरी माझं उत्तर जुळलेलं नसे. म्हणून मी सायकल घेतली. सायकलवर आपल्याशेजारी कोणी बसत नाही. पुढे कोणाच्या तरी आग्रहाखातर मी शहरातल्या एका शर्यतीत नाव घातलं, पस्तिशीपुढच्या महिलांच्या गटात पहिली आले आणि मला पाच लिटरचा प्रेशर कुकर मिळाला. एकट्या बाईला पाच लिटरचा कुकर! मी तो मावशीला देऊन टाकला. तो पाहायला म्हणून भाऊजी आले, झाकण लावून पाहिलं, शिट्टी तळहातावर घेऊन तिच्या वजनाचा अंदाज केला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शर्यत संपली तवा तुही नाडी किती होती?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख उमटलं ते मी घर सोडल्याच्या बातमीनंतरही कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. "काहून वं?" ते म्हणाले. "एवढी पहिली आली आन् मोजलं काहीच नाही?" दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्या जुन्या मोपेडवरून माझ्या दारात हजर झाले. गळ्यात स्टॉपवॉच, बगलेत जाड नोंदवही, आणि पिशवीत खेळाडूंच्या शरीरशास्त्रावरची कुठून कुठून मिळवलेली चार पुस्तकं. सायकलीवर ते आयुष्यात कधी बसले नव्हते. पण ताण वाढवत नेला की वस्तू कुठे तुटते हे समजून घेण्यात त्यांची हयात गेली होती, आणि त्यांच्या मते मी आणि सुताची लडी यांत तपशिलाचाच काय तो फरक होता.

त्यानंतर मी दोन वर्षं शास्त्राच्या स्वाधीन झाले. पहिला प्रयोग घामाचा. सायकल चालवायच्या आधी आणि नंतर वजन करायचं, मधे किती पाणी प्यायलं ते मिळवायचं, म्हणजे किती घाम गेला ते कळतं आणि तेवढं पाणी शर्यतीत प्यायचं. गोष्ट साधी आहे. पण घरातल्या वजनकाट्यावर भाऊजींचा विश्वास नव्हता. त्यांच्या ओळखीच्या एका धान्याच्या ठोक व्यापाऱ्याकडे पोती मोजायचा काटा होता, तो त्यांनी स्वतः तपासून पास केला होता. त्यामुळे एप्रिलच्या उन्हात तासभर सायकल हाणून मी त्या दुकानात शिरायची, हमाल तुरीचं पोतं बाजूला करायचे आणि मी काट्यावर उभी राहायची. तिसऱ्या दिवसापासून हमालांना त्यात रस वाटायला लागला. "आज बाई तीन पाव कमी भरली जी भाऊजी," एकजण ओरडायचा, आणि दुसरा मला न विचारताच माठातलं पाणी आणून द्यायचा. शेठजी गल्ल्यावरून मान न उचलता विचारत, "माल वाळून राहिला का?"

मग वाऱ्याचा प्रयोग. वेगात सायकल चालवताना निम्म्याहून जास्त जोर वारा कापण्यात जातो, म्हणून पाठ कशी ठेवायची, कोपर किती आत घ्यायचे, मान कुठे लपवायची हे तपासावं लागतं. मोठ्या देशांत त्यासाठी वाऱ्याचे बोगदे असतात. आमच्याकडे भाऊजींचा कूलर होता. नागपूरच्या घरातला कूलर म्हणजे खिडकीत बसवलेलं वादळच असतं, ते सुरू झालं की समोरचं वर्तमानपत्र स्वयंपाकघरात जाऊन पडतं. भाऊजींनी माझी सायकल त्याच्यासमोर लाकडी ठोकळ्यांवर उभी केली, गिरणीतून आणलेल्या सुताचे वीतभर तुकडे चिकटपट्टीनं माझ्या पाठीला, दंडांना, हेल्मेटला चिकटवले आणि कूलर पूर्ण जोरात सोडला. जिथे वारा सरळ निघून जातो तिथे धागा अंगाला चिकटून राहतो, जिथे अडखळतो तिथे फडफडतो. मी सगळीकडून फडफडत होते. ते माझ्याभोवती उकिडवे फिरत, एकेका धाग्यापुढे थांबत आणि "कोपर आत. आखीन आत. हा पाह्य, आता कसा गुमान बसला" असं त्या धाग्यालाच शाबासकी दिल्यासारखं म्हणत. शेजारीच राहणारी मावशी दारात येऊन उभी राहिली, दोन मिनिटं पाहत राहिली आणि निघून गेली. कूलरनं मी पुढून पूर्ण भिजले होते. पण खरं सांगायचं तर त्या दुपारनंतर माझी पाठ जी खाली गेली ती आजतागायत खालीच आहे, आणि तेवढ्यावर माझी दर दहा किलोमीटरला काही सेकंदं वाचतात.

चढाचा सराव हा नागपुरात अवघड प्रश्न आहे, कारण इथे चढ म्हणजे उड्डाणपूल. भाऊजींनी एक उड्डाणपूल निवडला आणि दर रविवारी सकाळी तो मी बारा वेळा चढायचा असं ठरलं. ते खाली मोपेड लावून चढणीला किती सेकंदं लागली ते लिहीत. एका रविवारी मी अकराव्यांदा वर आले तेव्हा वाहतूक पोलिसानं हात करून थांबवलं आणि फार आदरानं विचारलं, "मॅडम, काही पडलं का? आम्ही बी शोधू लागतो." माझ्या खाण्यावरही शास्त्र बसलं होतं. तर्री-पोह्यांची प्लेट समोर आली की भाऊजी पोहे पास करायचे आणि तर्री स्वतःच्या वाटीत ओतून घ्यायचे. "हे तुह्यासाठी नाही," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर त्यागाचा भाव असे, आणि ती वाटी ते दोन घोटांत संपवत.

या सगळ्याच्या मुळाशी होती पाच वाजताची नाडी. पहाटे पाचला जाग आली की अंथरुणातून न उठता, पाणीही न पिता, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे आणि तो आकडा भाऊजींना फोन करून सांगायचा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणं त्यांना फसवणुकीसारखं वाटे. कल्पना अशी की शरीराला पुरता आराम मिळाला नसेल तर पहाटेचे ठोके वाढतात. वाढले की त्या दिवशी सायकल हलकी चालवायची, नाहीतर चालवायचीच नाही. "आजचा आकडा म्हणजे काहीच नाही वं," ते सांगत. "आजचा आकडा मागच्या दिवसांसोबत ठेवला का बोलते." शाळेतल्या एका मैत्रिणीनं मला नाडी मोजणारं मनगटी घड्याळ देऊ केलं होतं. ते आपोआप मोजतं आणि आपोआप पाठवतं. भाऊजींनी त्या घड्याळाविरुद्ध मला अर्धा तास शास्त्रीय कारणं सांगितली, त्यातली निम्मी मला कळली नाहीत, आणि शेवटी म्हणाले, "ते आपोआप पाठवते, तर मंग तू फोन काहून करशील?" मला वाटलं, हेही शास्त्रीय कारणच असेल.

पण मावशीनं मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. "फोन करत जाय वं. त्याच्या फोनवर दिवसभरात तुहाच एक फोन येते. पाचला येते आन् मंग तो दिवसभर कामात राहते." म्हणून मी फोन करत राहिले. मनातल्या मनात मी स्वतःला बरीच पुण्यवान समजत होते. एकट्या माणसाला आपण रोज एक मिनिट देतोय, काय बिघडलं! मी स्वतः मानकापूरच्या त्या खोलीत शनिवारी दुपारी शाळा सुटल्यापासून सोमवारी सकाळपर्यंत, हा फोन आणि त्यांचा रविवारचा उड्डाणपूल सोडला तर, एक अक्षर न बोलता राहत होते, हे त्या हिशेबात धरायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

आणि आता कबुली. पहिले आठ महिने मी इमानेइतबारे मोजलं. मग थंडी पडली. नागपूरच्या थंडीत पहाटे पाचला रजईबाहेर एक हात काढणं आणि तो मिनिटभर तसाच ठेवणं ज्याला जमतं तो संतच म्हणायचा. मी डोळे न उघडता फोन लावायला लागले आणि तोंडाला येईल तो आकडा सांगायला लागले. छप्पन. सत्तावन्न. छप्पन. फार कमी सांगितला तर ते खूष होऊन जास्त मेहनत देतील, फार जास्त सांगितला तर काळजी करतील. म्हणून मधलेच आकडे. ते "लिहून घेतलं" म्हणायचे, एखाद क्षण थांबायचे, आणि मी फोन ठेवून पुन्हा झोपायची. थंडी गेली तरी सवय राहिली. त्या खोट्या आकड्यांवर भाऊजी रोज माझी मेहनत आखत होते, आणि ती मेहनत नेमकी बसत होती. ज्या दिवशी पाय जड त्या दिवशी हलकं, ज्या दिवशी अंगात जोर त्या दिवशी उड्डाणपूल. मला वाटलं, ठोकून दिलेल्या आकड्यांवरही शास्त्र चालतं म्हणजे शास्त्राचंच फारसं काही खरं नाही. हे मात्र मी कोणाला बोलले नाही.

मला चाळिशी उलटायच्या आत एकदा राज्याच्या शर्यतीत पहिल्या तिघींत यायचं होतं. का, ते नीट सांगता येत नाही. ज्याच्या घरातून मी बाहेर पडले तो म्हणत असे की मी कोणतीही गोष्ट शेवटपर्यंत नेत नाही. बहुतेक त्यालाच उत्तर द्यायचं असावं. जानेवारीत नागपूरजवळच्या महामार्गावर चाळीस किलोमीटरची शर्यत होती. या प्रकारात एकेकीला मिनिटामिनिटाच्या अंतरानं सोडतात. कोणाच्या मागे लपून वारा चुकवायचा नाही, कोणाशी बोलायचं नाही, पुढे कोणी दिसत नाही. घड्याळ आणि आपण. एकटं राहायचा माझा सराव चांगला होता, त्यामुळे हा प्रकार मला मानवणार हे भाऊजींनी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं.

शर्यतीला तीन आठवडे उरले असताना एक विचित्र गोष्ट घडली. मी पहाटे फोन केला, "छप्पन" म्हणाले, आणि भाऊजी नेहमीप्रमाणे "लिहून घेतलं" म्हणायच्या ऐवजी म्हणाले, "आज आन् उद्या सायकल नाही." मी चिडले. "छप्पन आहे ना जी! चांगली आहे!" "नाही म्हणजे नाही," ते म्हणाले. "सायकलची सीट दोन मिलिमीटरनं चुकून राहिली. येतो मी." शाळेला दोन दिवस सुट्टी होती, आणि ते आलेही. आठ वाजता ओळंबा, पाणसळ, पाने आणि डबा घेऊन आले, सायकल खोलीच्या मधोमध उभी केली आणि दिवसभर तिची सीट वर-खाली करत बसले. मी सायकलवर बसायची, ते माझ्या गुडघ्यापासून ओळंबा सोडायचे, "एक मिलिमीटर" म्हणायचे, मी उतरायची. मधे त्यांनी डब्यातली भाजी-भाकर पुढे केली, मी नको म्हणाले, तर म्हणाले, "अर्धी भाकर खाल्ल्याशिवाय वजन बदलते, माप चुकते." संध्याकाळी सहाला सीट जिथे सकाळी होती बरोबर तिथे परत आली. "आता बरोबर," असं म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी हँडलसाठी पुन्हा आले. मला त्यांचा इतका राग आला होता की दोन दिवस त्या खोलीत दुसरं काही आठवायला मला सवडच झाली नाही.

शर्यतीच्या दिवशी मी तिसरी आले. दुसरीपेक्षा चार सेकंदं मागे, चौथीपेक्षा सात सेकंदं पुढे. शेवटच्या रेषेपाशी बाकीच्या बायकांची घरची माणसं फुलं, दुपट्टे, लहान मुलं घेऊन उभी होती. माझं माणूस तिथे नव्हतं, कारण ते बत्तिसाव्या किलोमीटरच्या दगडापाशी स्टॉपवॉच घेऊन उभं होतं; तिथली वेळ घेतल्याशिवाय शेवटच्या टप्प्यात माझा जोर कितपत टिकला हे कळणार नव्हतं. मी पदक सायकलच्या हँडलला अडकवलं आणि त्याचाच फोटो काढला. तासाभरानं भाऊजी मोपेडवरून आले. पदकाकडे त्यांनी पाहिलंही नाही. वही उघडून म्हणाले, "शेवटच्या आठात तू तुटली नाही वं. जराशी बी नाही." आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

त्या वाक्यानं माझी झोप उडाली. हा माणूस दोन वर्षं उन्हातान्हात उभा राहिला आणि मी त्याला अंथरुणात लोळत खोटे आकडे पुरवले. कबूल करायचा धीर गोळा करायला तीन आठवडे लागले, मग एका रविवारी मी संत्रा बर्फी घेऊन मानेवाड्याला गेले. दार बराच वेळ वाजवावं लागलं. चहा झाल्यावर मी एका दमात सगळं सांगून टाकलं. थंडी, रजई, छप्पन, सत्तावन्न, सगळं.

"ते मले पहिल्याच आठवड्यात समजलं," भाऊजी बर्फीचा तुकडा उजेडात धरून म्हणाले. "छप्पन, सत्तावन्न, छप्पन, सत्तावन्न. इतका एकसारखा धागा कोणत्याच मशीनवर निघत नाही वं. गिरणीत असा रिपोर्ट आला का मी समजून जावो, ऑपरेटर कँटीनमधी बसून लिहून राहिला."

"मंग रागावले काहून नाही?"

"रागावलो असतो तर तू फोन बंद केला असता."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला कुठे पाहावं ते कळेना. मग ते उठले, कपाटातून नोंदवही काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली. पहिल्या आठ महिन्यांच्या पानांवर तारीख आणि नाडी असे दोन रकाने होते. डिसेंबरपासून नाडीच्या रकान्यावर तिरपी रेघ मारली होती आणि बाजूला हातानं आखलेला नवा रकाना होता. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'आवाज'. खाली रोजची एकेक ओळ, गिरणीतल्या अहवालासारखी. 'जड. झोप कमी.' 'घाई. चहा गॅसवर असावा.' 'सर्दी येणार.' दोन दिवसांनी, 'सर्दी आली.' 'आज हसली. उड्डाणपूल चालेल.' 'शाळेत काहीतरी झालं असावं.' 'ठीक.' 'ठीक.' 'फार ठीक.' मी पानं उलटत यंदाच्या जानेवारीपर्यंत आले. शर्यतीआधी तीन आठवडे, त्या तारखेसमोर लिहिलं होतं, 'रडून उठली आहे. एकटी ठेवू नये. दोन दिवस सीट.'

त्याच्या आदल्या दिवशी मला कोर्टाचा कागद मिळाला होता. घटस्फोट पुरा झाला होता. मी तो कागद ट्रंकेत तळाशी ठेवला आणि कोणालाही, मावशीलाही, सांगितलं नाही. त्या पहाटे त्यांनी 'सायकल नाही' म्हणायच्या आधी फोनवर मी एकच शब्द बोलले होते, छप्पन.

त्या वहीवर मी रडले, आणि ते मी लपवलं नाही. दोन वर्षं मी समजत होते की या माणसाला माझ्याशिवाय कोणी नाही. रोज पहाटे उठून मी कशी आहे हे लिहून ठेवणारं या शहरात एक माणूस होतं, आणि मला त्याची खबरही नव्हती. भाऊजींना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते माहीत नसतं. ते पाणी घेऊन आले, पेला माझ्यापुढे ठेवला, आणि मग सवयीनं त्यातलं पाणी किती कमी होतं ते पाहत बसले.

मी वही पुढे चाळली. शर्यतीनंतरच्या पानांवर 'आवाज'च्या रकान्यात बरीच प्रश्नचिन्हं होती. 'नीट आलं नाही.' 'फोन खराब?' मग 'फोन ठीक आहे. कान.' आणि शेवटचे आठ-दहा दिवस नुसते कोरे. मी वर पाहिलं.

"गिरणीचा कान आहे," ते म्हणाले. "लॅबच्या भिंतीपलीकडे मशीनचा हॉल होता ना. डॉक्टर म्हणते, आता असाच जाईल." हे सांगतानाही ते माझ्या तोंडाकडे निरखून पाहत होते, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून ते माझ्या तोंडाकडेच पाहतायत. "आकडा आला का नाही आला, एवढं समजते. पण आवाजातलं नाही समजत आता. म्हणून म्हणतो, आता तरी खरी नाडी सांगत जाय."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी रजईतून हात बाहेर काढला आणि पूर्ण एक मिनिट मोजलं. मग फोन लावला आणि ओरडले, "एकाहत्तर!" मी इतक्या जोरानं ओरडले की शेजारच्या खोलीत कोणीतरी कूस बदलली.

"काहून वं एवढी?" तेही ओरडले.

"झोप नाही लागली!"

"मंग आज आराम. लिहून घेतलं." ते फोन ठेवणार एवढ्यात मी म्हणाले, "भाऊजी, तुमची किती?" हे मला तीनदा विचारावं लागलं. तिसऱ्यांदा त्यांना ऐकू गेलं.

"माही?" ते म्हणाले.

"हो. तुमची."

"थांब. मोजतो."

त्यांनी फोन बंद न करता टेबलावर ठेवला असावा. लाकडावर काहीतरी टेकल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकली. मी फोन कानाला लावून पडून राहिले. ते मनातल्या मनात मोजत होते, निदान त्यांना तसं वाटत असणार. पण ज्याला स्वतःला ऐकू येत नाही त्याला आपण मोठ्यानं मोजतोय हे कळत नाही. "एकोणीस, वीस, एकवीस," मला पलीकडून स्पष्ट ऐकू येत होतं. मधे एकदा ते खोकले आणि त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली. मी घाई केली नाही. शाळेला अजून वेळ होता.

"ब्याऐंशी," ते परत येऊन म्हणाले. मग एखाद्यानं डॉक्टरला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "जास्त आहे का वं?"

"लिहून घेतलं!" मी ओरडले आणि फोन ठेवला. उशाशी पोरांच्या चित्रांचे कागद पडले होते, त्यातला एक उलटा करून मी तारीख घातली, दोन रकाने आखले आणि पहिल्यात ब्याऐंशी लिहिलं. दुसऱ्या रकान्यात आवाज लिहायचा होता. तिथे माझं पेन थांबलं. तो आवाज थकलेला होता की नेहमीचाच तसा होता, खोल गेला होता की मुळातच खोल होता, मला सांगता येईना. दोन वर्षं मी रोज पहाटे त्यांना फोन केला होता, आणि ताडून पाहायला माझ्याकडे मागचा एकही दिवस नव्हता.